वाऱ्यात काडी

निवतीच्या शाळेत, आठवीच्या वर्गात,
कोचरेकर बाईंनी टेबलावर ठेवली
दोन लिटरची रिकामी बाटली,
पोटात कापूस, बुचाला भोक, भोकात एक विडी,
आणि म्हणाल्या, हे फुप्फुस.
मागून कुणीतरी ओरडलं,
"बाई, ही आमच्या काकाच्या लग्नातली बाटली!"

खिडकी बंदराकडे उघडी.
भूगोलात ज्यांना खारे वारे म्हणतात
ते टेबलापर्यंत यायचे.
बाईंच्या पाच काड्या विझल्या.
सहावी त्यांनी पदराआड धरली, तीही.
"कुणाला येतं का रे?"
मी उठलो.

विचार असा काही केला नव्हता.
होडीवर बाबाचे दोन्ही हात जाळ्यात,
तो नुसतं तोंड पुढे करायचा,
आणि मी, सहा वर्षांचा असल्यापासून,
पाठ वाऱ्याला, तळहातांची घुमटी,
एका काडीत.
वर्गातही एका काडीत.

टाळ्या पडल्या. मग थांबल्या.
कुणाला काय कळलं
ते ज्याच्या त्याच्या डोळ्यांत वेगळं होतं.
बाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या,
"दाब आता. सोड. दाब."
बाटली ओढत राहिली.
कापूस आधी पिवळा,
मग चहाच्या जुन्या गाळणीसारखा.
बाईंनी तो चिमट्यात धरून बाकाबाकावर फिरवला.
नलूने नाक दाबलं.
जयवंताने वास घेतला, पुन्हा घेतला.
माझ्यापाशी आला तेव्हा ओळखीचा निघाला:
बाबाच्या उशीचा वास.

संध्याकाळी बाबाने तोंड पुढे केलं.
मी पेटवली.
शहाणा मुलगा काय करतो ते पुस्तकात होतं:
वडिलांना नम्रपणे समजावून सांगतो.
पुस्तकातले वडील खुर्चीत पेपर वाचत बसले होते.
माझा बाबा पहाटे तीनपासून ओला होता.
फक्त त्या दिवशी पहिल्यांदा
मी काडी फेकायच्या आधी
त्याच्या छातीकडे बघितलं,
दाबतंय, सोडतंय, दाबतंय.

त्या तासाचं पुढे काय झालं, सांगणं कठीण.
जयवंताने कवटीचं चित्र काढलं, तालुक्यात पहिला आला;
त्याचीच टपरी आहे आज फाट्यावर,
शाळेपासून शंभर यार्ड,
रापणीच्या दोराने मोजून घेतलेले.
नलूने लग्नाआधी नवऱ्याला एकच प्रश्न विचारला.
तो खोटं बोलला.
भिकाजी, जो तासभर बाकावर झोपला होता,
त्याने आजवर विडीला हात लावला नाही.
मी दोन वर्षं ओढली, मग सोडली.
का, असं कुणी विचारलं तर बाटलीचं नाव घेतो,
ते सांगायला सोपं पडतं.
बाबा गेला त्या उन्हाळ्यात
आईने त्याची उशी कुंपणावर वाळत टाकली,
आठ दिवस ती आत घेतलीच नाही,
हे कुठे सांगत बसू.

काल स्वरांगी शाळेतून आली.
बाबा, दोन लिटरची बाटली हवी, कापूस हवा,
आणि एक सिगरेट,
पण ती मोठ्यांनीच आणायची, असं बाईंनी सांगितलंय.
टपरीवर जयवंत हसला.
माझ्या हातात पाकीट बघून त्याला सवय नव्हती.
शाळेसाठी, म्हणालो.
त्याने पैसे घेतले नाहीत.
सिगरेट कागदात गुंडाळता गुंडाळता,
वर न बघता, विचारलं,
"कापूस अजून तसोच पिवळो पडता?"
"पडत असतलो," म्हणालो.
पाटीवरची धूळ त्याने उगाचच पुसली,
अठरा वर्षांखालील, एवढंच स्वच्छ झालं.

रात्री दप्तर भरताना तिने विचारलं,
बाईंची काडी विझली तर?
माझे हात आपोआप जवळ आले,
घुमटी झाली,
आत काहीच नव्हतं.
मी ते मांडीखाली घेतले.
बाईंना सांग, म्हणालो,
समुद्राकडची खिडकी लावून घ्या.